आकाशातून आलेला वर्ग : रायपूर परिसरातील उपग्रह दूरदर्शन प्रयोग आणि अध्ययन उपपत्ती

१. प्रस्तावना

अध्ययन उपपत्ती हा विषय शिक्षकांच्या प्रशिक्षणात बहुधा नावांच्या यादीसारखा शिकवला जातो. थॉर्नडाइक, स्किनर, पियाजे, व्हायगॉट्स्की, ब्रूनर. प्रत्येकाखाली चार मुद्दे लिहून घ्यायचे, परीक्षा द्यायची आणि वही बंद करायची. पुढे वर्गात प्रोजेक्टर लावताना किंवा व्याख्यान रेकॉर्ड करताना ती यादी कोणाला आठवत नाही.

या टिपणात आपण उलट बाजूने सुरुवात करणार आहोत. आधी एक प्रत्यक्ष घडलेला प्रयोग पाहू आणि मग त्याला उपपत्तींची कसोटी लावू. हा प्रयोग आपल्या जवळचाच आहे. रायपूरलगतच्या उरला औद्योगिक वसाहतीत आज पोलादाचे कारखाने आणि रोलिंग मिल दिसतात. याच रायपूरच्या भोवतालच्या खेड्यांत १९७५ साली थेट उपग्रहावरून शाळेचे पाठ उतरले होते. त्या काळी देशातील बहुतेक शहरांनाही दूरदर्शन माहीत नव्हते.

अध्ययन उपपत्ती म्हणजे 'माणूस शिकतो म्हणजे नेमके काय घडते' याचे सुसंगत स्पष्टीकरण. असे स्पष्टीकरण प्रत्येक शिक्षकाच्या मनात असते, मात्र ते बहुधा बोलून दाखवलेले नसते. तंत्रज्ञान वर्गात आणले की हे न बोललेले स्पष्टीकरण यंत्रात पक्के होऊन बसते आणि हजारो मुलांपर्यंत पोहोचते. म्हणून ते आधीच तपासून घ्यावे लागते.

२. प्रयोगाची रचना

डॉ. विक्रम साराभाई यांचे म्हणणे असे होते की, भारताने दूरदर्शनचे जाळे आधी शहरांत आणि मग खेड्यांत असे टप्प्याटप्प्याने पसरवत बसू नये. उपग्रहाच्या साहाय्याने ते थेट खेड्यापर्यंत न्यावे. या कल्पनेतून १९६९ साली भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची नासा यांच्यात करार झाला. साराभाईंचे डिसेंबर १९७१ मध्ये निधन झाले, पण काम थांबले नाही. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात प्रा. यश पाल यांच्या नेतृत्वाखाली तयारी झाली. या कार्यक्रमाची जबाबदारी सांभाळणाऱ्यांत कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस हे प्रमुख होते.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष हा प्रयोग चालला. त्याचे नाव 'सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्सपेरिमेंट', संक्षेपाने 'साइट'. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी त्यात होती : आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान. छत्तीसगड राज्य त्या वेळी अस्तित्वात नव्हते. मध्य प्रदेशच्या वाट्याची खेडी रायपूर, दुर्ग आणि बिलासपूर या जिल्ह्यांतील होती.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही रचना आजही अभ्यासण्यासारखी आहे. नासाचा 'एटीएस-६' हा उपग्रह मे १९७४ मध्ये सोडला गेला. पहिले वर्ष तो अमेरिकेसाठी वापरला गेला आणि मग भारताला दिसेल अशा जागी सरकवण्यात आला. त्याची छत्रीसारखी उघडणारी अँटेना सुमारे ९ मीटर व्यासाची होती. वरची अँटेना मोठी आणि प्रक्षेपण जोरकस असल्यामुळे खाली, खेड्यातली अँटेना लहान व स्वस्त ठेवता आली. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची, सुमारे ३ मीटर व्यासाची ती तबकडी होती. तिला जोडलेले रूपांतरक आणि दूरदर्शन संच भारतात तयार झाले होते. गुंतागुंत आकाशात आणि साधेपणा खेड्यात, असा हा विचार होता. धूळ, पावसाळा, खराब रस्ते आणि लहरी वीज असूनही बहुतेक संच वर्षभर चालू ठेवण्यात यश आले. तांत्रिक कसोटीवर 'साइट' उत्तीर्ण झाला, याबद्दल फारसे दुमत नाही.

रोज सुमारे चार तास प्रक्षेपण असे. संध्याकाळी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि करमणूक. सकाळचा दीड तास ५ ते १२ वर्षांच्या शाळकरी मुलांसाठी राखलेला होता. तो हिंदी, कन्नड, उडिया आणि तेलुगू या चार भाषांत वाटलेला असल्याने प्रत्येक भाषेच्या वाट्याला साधारण २२ मिनिटे येत.

आपला प्रश्न या २२ मिनिटांविषयी आहे. संच चालला, चित्र आले, आवाज आला. मुले शिकली का?

३. पडद्यामागचे न बोललेले स्पष्टीकरण

त्या काळात विकसनशील देशांत संवादमाध्यमांबद्दल मोठी आशा होती. विल्बर श्रॅम यांचे माध्यमे व राष्ट्रविकास या विषयावरील पुस्तक १९६४ साली आले होते आणि धोरणकर्त्यांत ते वाचले जात होते. चांगले शिक्षक थोडे आहेत, खेडी लाखो आहेत; तेव्हा चांगला पाठ एकदा तयार करावा आणि सर्वत्र पोहोचवावा, हा विचार स्वाभाविक होता.

या विचाराच्या मुळाशी एक समजूत आहे. ज्ञान ही वस्तू आहे, ती एका ठिकाणी भरलेली आहे आणि वाहिनीतून दुसरीकडे नेता येते. पाणीपुरवठ्याची हीच कल्पना आहे. पाण्याच्या बाबतीत ती बरोबर आहे. शिकण्याच्या बाबतीत ती कितपत टिकते, हे तीन प्रमुख उपपत्तींच्या साहाय्याने पाहू. या तीन उपपत्तींचे आपापसांत पटत नाही, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

४. तीन कसोट्या

४.१ वर्तनवाद

बी. एफ. स्किनर यांनी १९५३ साली आपल्या मुलीच्या शाळेत गणिताचा तास पाहिला. मुले उदाहरणे सोडवत होती, पण उत्तर बरोबर की चूक हे त्यांना फार उशिरा कळणार होते. १९५४ साली स्किनर यांनी शिकवणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली. मजकुराचे लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यानंतर विद्यार्थ्याने उत्तर द्यायचे आणि ते बरोबर आहे की नाही हे त्याला लगेच कळायचे. यातूनच क्रमान्वित अध्ययन पुढे आले.

वर्तनवाद विद्यार्थ्याच्या मनात काय चालले आहे याची चर्चा करत नाही, अशी टीका होते आणि ती योग्य आहे. पण प्रतिसादाशिवाय अध्ययन नाही, ही त्याची अट कडक आहे. १९७५ चा दूरदर्शन संच एकमार्गी होता. रायपूरजवळच्या खेड्यातील मुलाला उत्तर सुचले तरी ते पडद्याला सांगता येत नव्हते आणि पडद्याला ते दुरुस्त करता येत नव्हते. स्किनर यांच्या मोजपट्टीवर हा संच शिकवण्याचे यंत्र ठरत नाही.

४.२ बोधात्मक उपपत्ती

जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली दाखवले की, माणूस एका वेळी फार थोड्या गोष्टी मनात धरू शकतो. पुढे १९८८ च्या सुमारास जॉन स्वेलर यांनी बोधात्मक भाराची कल्पना मांडली. काम करणाऱ्या स्मृतीची जागा थोडी असते. ती अनावश्यक गोष्टींनी भरली तर मुख्य विषयाला जागा उरत नाही. स्वेलर यांचे काम 'साइट'नंतरचे आहे, त्यामुळे नियोजकांना ते माहीत असणे शक्य नव्हते. आपल्याला मात्र त्याचा उपयोग करून मागे पाहता येते.

या २२ मिनिटांची गती मुलाच्या हातात नव्हती. एखादा शब्द अडला तर कार्यक्रम थांबत नव्हता. त्यात भाषेचा प्रश्न होता. बिहार, राजस्थान आणि मध्य प्रदेश या तिन्ही राज्यांसाठी हिंदी कार्यक्रम एकच असत. रायपूर परिसरातील मूल घरी छत्तीसगढी बोलते. 'आपण', 'तुम्ही' यांसाठी घरचे शब्द वेगळे, क्रियापदे वेगळी. आधी प्रमाण हिंदी उलगडायची आणि मग त्यातले विज्ञान समजून घ्यायचे, असे दुहेरी ओझे त्याच्यावर पडत होते.

हा मुद्दा महाराष्ट्रातही त्याच सुमारास पुढे आला. मुंबईत १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. तेथील डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वंचित घरांतील मुलांच्या विज्ञान शिक्षणाचा अभ्यास केला. पाठ्यपुस्तकाची भाषा हाच मोठा अडसर आहे आणि ती सोपी केली की मुलांची समज सुधारते, असे त्यांच्या कामातून दिसून आले. मूल विज्ञानात कच्चे नसते, पुष्कळदा ते पुस्तकाच्या भाषेशी झगडत असते.

४.३ ज्ञानरचनावाद

पियाजे यांच्या मते मूल ज्ञान स्वीकारत नाही, ते रचते. वस्तू हाताळून, अंदाज चुकवून आणि पुन्हा बांधून ते आपली समज तयार करते. व्हायगॉट्स्की १९३४ साली अकाली निधन पावले, पण त्यांचे विचार इंग्रजीतून जगभर पोहोचले ते १९६० आणि १९७० च्या दशकांत. मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकते, यांमधील अंतरातच शिक्षण घडते, हे त्यांचे मुख्य सूत्र.

मराठी वाचकाला हा विचार परका वाटू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. मूल जिथे आहे तिथे, त्याच्या हातातल्या वस्तूंपासून सुरुवात, हे त्यांचे धोरण होते. १९३७ साली वर्ध्याला झालेल्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली, तिचाही पाया हाताच्या कामातून शिकणे हाच होता. रायपूर आणि वर्धा तेव्हा एकाच प्रांतात होते.

या कसोटीवर पडदा पाहणारे मूल प्रेक्षक ठरते. त्याच्या हाताला काम नाही आणि शेजारी जाणता माणूस बसून बोलत नसेल तर व्हायगॉट्स्की यांचे 'अंतर' तसेच राहते.

म्हणजे ज्यांचे एरवी पटत नाही अशा तीन उपपत्ती येथे एकच अंदाज करतात : केवळ प्रक्षेपणातून शालेय विषयांचे शिक्षण फारसे होणार नाही.

५. निष्कर्ष काय निघाले

'साइट'चे एक मोठेपण हे की, त्याचे मूल्यमापन आधीपासून योजलेले होते. सर्वेक्षणे झाली, आणि काही निवडक गावांत संशोधक दीर्घकाळ मुक्काम करून राहिले. मुलांवरील परिणामांचा अभ्यास राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने केला.

मुलांच्या भाषाविकासात सुधारणा दिसली आणि नव्या गोष्टी जाणून घेण्याची ओढ वाढलेली आढळली. पण शालेय विषयांतील संपादणूक, पटनोंदणी आणि हजेरी यांत लक्षणीय फरक पडला नाही.

हा निष्कर्ष वाचताना दोन्ही बाजू लक्षात घ्याव्यात. भाषा ऐकून वाढते, त्यामुळे तेथे प्रक्षेपणाचा लाभ होणे उपपत्तीशी जुळते. कुतूहल वाढणे हेही लहान यश नव्हे. शिवाय कार्यक्रमांचा मुख्य हेतू अनुभव समृद्ध करणे हा होता, ते अभ्यासक्रमाच्या धड्यांना बांधलेले नव्हते. म्हणून 'प्रयोग फसला' असे म्हणणे अन्यायाचे होईल. एवढेच म्हणता येईल की, संचाने तेच दिले जे त्याच्या रचनेत देण्यासारखे होते.

६. त्याच प्रयोगातील दुसरा वर्ग

'साइट'च्या त्याच वर्षात, त्याच संचांवर, आणखी एक काम झाले आणि ते कमी लोकांना माहीत आहे. प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण देण्यासाठी सुट्ट्यांच्या काळात सुमारे बारा दिवसांचे वर्ग घेण्यात आले. दोन फेऱ्यांत मिळून ४५ ते ५० हजार शिक्षक त्यात सहभागी झाले.

येथे दूरदर्शन एकटे नव्हते. पडद्यावरील कार्यक्रमाच्या जोडीला रेडिओ होता, छापील साहित्य होते आणि कृतिपुस्तिका होत्या. शिक्षक स्थानिक वस्तू वापरून स्वतः प्रयोग करत आणि त्यावर गटात चर्चा करत. ती चालवायला प्रत्येक केंद्रावर एक मार्गदर्शक शिक्षक असे.

आता तीन कसोट्या पुन्हा लावा. प्रतिसाद आणि लगेच दुरुस्ती? प्रयोग करताना ती मिळते. भार बेताचा? पाहिलेले पुन्हा वाचता येते, आपल्या गतीने करता येते. रचना आणि जाणत्याची सोबत? दोन्ही आहेत. उपग्रह तोच आणि जाळीची तबकडीही तीच. बदलली होती ती पडद्याभोवतीची मांडणी.

७. त्याच राज्यातील दुसरा प्रयोग

१९७२ साली मध्य प्रदेशातच, होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक वेगळा कार्यक्रम सुरू झाला होता. 'किशोर भारती' आणि रसुलियाचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या संस्थांनी तो हाती घेतला होता. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत पोहोचला आणि १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेने त्याचे काम पुढे नेले.

येथे तंत्रज्ञान म्हणजे स्वस्त साहित्याची एक पेटी. मुले गटात प्रयोग करत, नोंदी ठेवत, निष्कर्षावर वाद घालत. परीक्षाही बदलली होती. पुस्तक उघडे ठेवून उत्तरे लिहायची आणि प्रात्यक्षिक करून दाखवायचे. शिकण्याबद्दलची समजूत बदलायची असेल तर परीक्षाही बदलावी लागते, हे या मंडळींनी ओळखले होते.

एकच राज्य, एकच दशक. एकीकडे त्या काळातील सर्वांत प्रगत उपग्रह, दुसरीकडे भिंग, चुंबक आणि परीक्षानळ्यांची पेटी. म्हणून पेटी चांगली आणि उपग्रह वाईट, असा निष्कर्ष काढू नये. पेटी फक्त तिथेच पोहोचते जिथे प्रशिक्षित शिक्षक आहे. पोहोचण्याची ताकद उपग्रहाचीच मोठी. होशंगाबादचा कार्यक्रमही २००२ साली शासनाने बंद केला. चांगल्या उपपत्तीला व्यवस्थेचा आधार नसेल तर तीही टिकत नाही. पण मुलाच्या हाताला काम आणि मनाला प्रश्न कोण देणार, याचे उत्तर होशंगाबादकडे पहिल्या दिवसापासून होते.

८. दारापासून वस्तीपर्यंत

'साइट' संपल्यावर रायपूरला १९७७ साली दूरदर्शनचे प्रक्षेपण केंद्र आले. ऑगस्ट १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशव्यापी वर्गाचे कार्यक्रम सुरू झाले. सप्टेंबर २००४ मध्ये फक्त शिक्षणासाठी वाहिलेला 'एज्युसॅट' सोडण्यात आला आणि २०१७ साली 'स्वयम' आणि 'दीक्षा' आले. प्रत्येक वेळी वाहिनी रुंद झाली.

एप्रिल २०२० मध्ये शाळा बंद असताना छत्तीसगड शासनाने 'पढई तुंहर दुआर', म्हणजे 'शिक्षण तुमच्या दारी', हा ऑनलाइन कार्यक्रम सुरू केला. अनेक घरांत फोन एकच, तोही कामावर गेलेल्या वडिलांच्या खिशात. कुठे जाळेच नाही. काही महिन्यांतच त्याच्या जोडीला 'पढई तुंहर पारा' आले. पारा म्हणजे वस्ती. शिक्षक आणि गावातील स्वयंसेवक झाडाखाली, ओट्यावर, समाजमंदिरात लहान गट घेऊन बसू लागले. 'बुल्टू के बोल' या उपक्रमात ब्लूटूथने एका फोनवरून दुसऱ्या फोनवर आवाजातील पाठ दिले जाऊ लागले, म्हणजे इंटरनेटची गरजच उरली नाही.

'दुआर' पासून 'पारा' पर्यंतचा हा प्रवास आपल्या विषयाचे सार आहे. आधी प्रश्न होता : पाठ मुलापर्यंत कसा पोहोचेल? नंतर झाला : पोहोचल्यावर मुलाजवळ कोण बसेल?

९. आजच्या अध्यापकासाठी

हा इतिहास अभियांत्रिकीच्या शिक्षकाला का हवा? कारण १९७५ चा २२ मिनिटांचा पाठ आज ४० मिनिटांचा व्हिडिओ होऊन विद्यार्थ्याच्या फोनमध्ये आला आहे. आमच्याकडे येणारी अनेक मुले घरातील पहिली पदवीधर होणारी असतात. शाळा हिंदी माध्यमातली, घरची बोली छत्तीसगढी, आणि पहिल्या सत्रात पुस्तके एकदम इंग्रजी. नामवंत प्राध्यापकाचे व्याख्यान ही मुले शांतपणे पाहतात आणि 'समझ गया सर' म्हणतात. मग फळ्यावर भिंतीला टेकवलेली शिडी काढून तिच्यावरील बले दाखवायला सांगावे. घर्षणाची दिशा तीन प्रकारे निघते. पाहणे आणि करता येणे यांतील हे अंतर कोणताही पडदा आपोआप भरत नाही.

म्हणून कोणतेही साधन निवडण्याआधी अध्यापकाने स्वतःला चार प्रश्न विचारावेत :

१. विद्यार्थी या वेळात हाताने किंवा डोक्याने नेमके काय करणार आहे? उत्तर 'पाहणार आहे' एवढेच असेल तर योजना अपुरी आहे.

२. त्याचे चुकले तर त्याला ते कधी आणि कोणाकडून कळणार आहे?

३. एका वेळी त्याच्यावर किती ओझे पडते आहे? विषय, भाषा आणि गती या तिन्हींचा हिशेब करावा.

४. त्याच्या शेजारी कोण आहे? सोबती, शिक्षक की कोणीच नाही?

उदाहरणार्थ, तोच व्हिडिओ आठ मिनिटांवर थांबवावा. प्रत्येकाने शिडीची आकृती वहीत काढावी, शेजाऱ्याच्या आकृतीशी ताडून पाहावी, मतभेद असेल तर तो आपल्या बोलीत मांडावा आणि मग पुढचा भाग पाहावा. इंग्रजी संज्ञा त्यानंतर याव्यात. यासाठी नवे यंत्र लागत नाही, फक्त तासाची मांडणी बदलावी लागते.

१०. सारांश

रायपूरच्या खेड्यांनी १९७५ साली दाखवून दिले की, पाठ आकाशातूनही पोहोचवता येतो. त्याच वर्षीच्या शिक्षक प्रशिक्षणाने दाखवले की, पोहोचलेल्या पाठाभोवती कृती, चर्चा आणि जाणता माणूस असेल तर त्याचे अध्ययन होऊ शकते. अध्ययन उपपत्तींचे महत्त्व येथेच आहे. त्या आपल्याला यंत्र घेण्याच्या आधी सांगतात की, यंत्र कोणते काम करील आणि कोणते काम शिक्षकासाठीच उरेल.

विचारासाठी प्रश्न

१. तुम्ही अलीकडे वापरलेले एक डिजिटल साधन घ्या. त्यामागे अध्ययनाची कोणती समजूत गृहीत धरलेली आहे?

२. 'साइट'चे सकाळचे कार्यक्रम छत्तीसगढीत असते तर कोणते परिणाम बदलले असते आणि कोणते तसेच राहिले असते? कारणे द्या.

३. होशंगाबादच्या पद्धतीची परीक्षा तुमच्या विषयात घ्यायची झाल्यास एक प्रश्न तयार करा आणि तो कोणत्या उपपत्तीशी जुळतो ते लिहा.